मत कसब्यात, मुक्काम धायरीत

“अठ्ठेचाळीस फ्लॅट! अठ्ठेचाळीस! दोनशे माणसं राहतात तिथे, दोनशे! आणि आम्ही टँकरची वाट बघत बसायचं?”

ओरडत होतो तो मीच. माझा आवाज ही आमच्या घराण्याने मला दिलेली एकमेव जंगम मालमत्ता. कसबा पेठेत राहत होतो तेव्हा मी बोळाच्या या तोंडाला हाक मारली की त्या तोंडाची कुत्री उठून रांगेत उभी राहत. त्या सकाळी धायरीत, दादांच्या संपर्क कार्यालयात, मी तोच आवाज लावला होता. भिंतीवर दादांचा हात जोडलेला फोटो होता. तो माझ्या ‘दोनशे’ला बोटभर तिरका झाला. खोटं वाटत असेल तर आमच्या चेअरमनना विचारा, ते माझ्या शेजारीच बसले होते, दोन्ही कानांवर हात ठेवून.

दादा स्वतः फोटोखाली बसले होते. फोटोपेक्षा पाच-सात वर्षांनी मोठे आणि हात जोडण्याच्या बाबतीत बरेच आळशी. दादा म्हणजे आमच्या भागातले पुढारी, धायरीत भाताची खाचरं होती तेव्हापासूनचे. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण त्यांना दादाच म्हणायचं असा तिथला शिरस्ता आहे आणि ते मला काका म्हणतात, त्यामुळे नातं कसं लागतं ते कुणी बघत नाही.

“काका, बसा की. चहा मागवतो.”

“चहा कशाला? पाणी द्या!”

प्रकरण सरळ होतं. नळाची मोठी पाइपलाइन आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत आली होती आणि तिथे येऊन, एखादा पाहुणा फाटकाशी थबकतो तशी, थांबली होती. कोपऱ्यापासून दोन गल्ल्या फुटतात. डावीकडे आमची सोसायटी, उजवीकडे गावातल्या जुन्या लोकांच्या तीन छोट्या इमारती. काम आधी एकाच गल्लीत होणार होतं, दुसरीचं नंतर. आणि ‘नंतर’ म्हणजे काय हे धायरीत तेरा वर्षं टँकरचं पाणी प्यायलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आमच्या पाण्याला टँकरच्या रबरी पाइपचा असा वास येतो की आमच्याकडे चहा प्यायलेला पाहुणा घरी जाऊन पंक्चर काढून घेतो.

“तुमचं म्हणणं बरोबर हाय काका,” दादा म्हणाले. “दोनशे मानसं हायेत. पण हायेत कुठली?”

“कुठली म्हणजे? इथली!”

दादांनी मान वळवली. कोपऱ्यातल्या टेबलाशी त्यांचा एक कार्यकर्ता बसला होता, पन्नाशीचा, चष्मा कपाळावर. त्याच्यापुढे मतदारयाद्यांचा गठ्ठा होता. “बघा ओ, काकांची सोसायटी,” दादा म्हणाले.

त्याने चष्मा खाली घेतला, थुंकी लावून पानं उलटली आणि बोट एका जागी ठेवलं.

“तीन.”

“तीनशे?” मी विचारलं. माझा स्वभाव आहे, मी आकडा वाढवूनच ऐकतो.

“तीन मतं. सगळ्या बिल्डिंगीत मिळून.”

चेअरमननी कानांवरचे हात काढले. आमचे चेअरमन वर्ध्याकडचे, कारखान्यातून निवृत्त झालेले, पुण्यात येऊन तीस वर्षं झाली तरी बोलणं तिकडचंच. ते हळूच म्हणाले, “माझं नाव गावालेच आहे नं. दर विलेक्शनले ट्रॅव्हल्सनं जातो मी.”

“वाचा, वाचा,” दादा कार्यकर्त्याला म्हणाले. आता त्यांना मजा वाटत होती.

पहिलं नाव पहिल्या मजल्यावरच्या आजोबांचं. ते जाऊन दोन वर्षं झाली. दुसरं नाव एका भाडेकरूचं. तो बंगळुरूला गेला, जाताना जिन्यात कुंड्या ठेवून गेला, त्या अजून आहेत. तिसरं नाव कार्यकर्त्याने वाचलं आणि माझ्याकडे बघितलं, कारण आडनाव माझं होतं.

नाव माझ्या बायकोचं होतं.

“म्हणजे जिवंत असं एकच,” दादा म्हणाले. “वहिनी. मग काका, असं करा, पुढच्या वेळेला वहिनींना घिऊन या. आमच्या मतदार हायेत त्या. तुमचं काय हाय, ते तुमच्या कसब्यात जाऊन वरडा.”

चहा आला, मी तो प्यायलो. दादांकडे नळाचं पाणी होतं, हे चवीवरून लगेच कळलं.

आता माझी बाजू सांगतो. मी कसबा पेठेत जन्मलो, तिथेच शाळा, तिथून सायकलवर कॉलेज, तिथून चालत कचेरी. दोन खोल्यांत आम्ही दोन भावांचे दोन संसार मावेनासे झाले तेव्हा धाकटा म्हणून मी बाहेर पडलो आणि धायरीला फ्लॅट घेतला. तेव्हा माझ्या डोक्यात धायरी म्हणजे तात्पुरती सोय होती. कचेरीतून उशीर झाला की माणूस मित्राकडे राहतो, तसा मी तिथे राहायला लागलो. तेरा वर्षं राहिलो.

पण माणूस म्हणून मी कसब्यातच होतो. केस कापायला कसब्यात, चष्म्याची काडी बदलायला कसब्यात, चपलेला टाका घालायला कसब्यात. आणि दळण. आमच्या इमारतीच्या अगदी खाली, जिन्यापासून अकरा पावलांवर पिठाची गिरणी आहे. गिरणीवाला सांगलीकडचा, चांगला माणूस. पण मी गव्हाचा डबा स्कूटरवर पुढ्यात ठेवून सिंहगड रस्त्याने कसब्यात जात असे, तिथल्या गिरणीत दळून परत येत असे. का? कारण तिथला दगड वेगळा. रस्त्यात पुलाचं काम चालू होतं त्या वर्षांत तर एवढा वेळ लागे की जाताना घेतलेला गहू रस्त्यातच म्हातारा व्हायचा. एकदा वडगावच्या चौकात झाकण उडालं आणि मी चक्कीत घातलेल्या भुतासारखा घरी आलो. बायको म्हणाली, “आलात? पोळ्यांना किती उरलंय ते झटकून बघा.”

आणि या सगळ्याचा कळस म्हणजे मतदान. त्या दिवशी मी कडक इस्त्रीचा शर्ट घालून, न खाता, एखादं व्रत पाळावं तसा कसब्यात जायचो. माझी जुनी शाळा, तीच खोली, तोच फळा. शाई लावलेलं बोट वर करून मी बोळाबोळांतून असा फिरायचो की कुणाला वाटावं, मी एकट्यानेच सरकार निवडलंय. मग ओळखीचे भेटायचे, मिसळ व्हायची, गेलेल्यांची यादी व्हायची. पत्ता कुणीही विचारला, बँकेने, दवाखान्याने, लग्नपत्रिकेवाल्याने, की मी कसब्याचाच द्यायचो. पत्रिका भावाकडे यायच्या आणि मी लग्न होऊन गेल्यावर त्या आणायला जायचो.

तर असा मी. आणि माझ्याच घरात, माझ्याच ताटासमोर बसणारी बाई धायरीची मतदार!

मी घरी आलो ते जिन्यातूनच ओरडत. बायको स्वयंपाकघरात बादल्या झाकत होती, कारण टँकर येऊन गेला होता.

“कधी केलंस हे?”

“काय?”

“नाव! मतदारयादीत! इथे!”

“ते होय. आठ वर्षं झाली,” ती म्हणाली. “त्या शाळेतल्या बाई दाराशी आल्या होत्या फॉर्म घेऊन. तुम्ही दळणाला गेला होतात.”

“आणि गेल्या वेळी? मी तुला म्हटलं चल मतदानाला, तू म्हणालीस पाय दुखतोय!”

“दुखतच होता. म्हणून खाली शाळेत जाऊन आले. सात मिनिटं लागली.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“धायरीतलं काही सांगितलं की तुम्ही कसब्यातलं सांगायला लागता,” ती म्हणाली, आणि पुढची बादली झाकली. तिचा डावा खांदा त्या वर्षी धरला होता. डॉक्टरांनी वजन उचलू नका म्हणून सांगितलं होतं. बादल्या कोण उचलतं हे डॉक्टरांनी विचारलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. नळ आला असता तर बादल्यांचा विषयच संपला असता. मी एक बादली उचलायला गेलो तर ती म्हणाली, “राहू दे, तुम्ही सांडता.” ते खरं होतं, त्यामुळे अधिकच चीड आली.

संध्याकाळी पार्किंगमध्ये सोसायटीची सभा झाली. यादीत नाव बदलून घ्यायची मुदत रविवारपर्यंत होती. रविवारी याद्यांचं काम बघणाऱ्या बाई आमच्याच पार्किंगमध्ये टेबल टाकून बसणार होत्या. दादांनी निरोप धाडला होता, सोमवारी ते नवी यादी बघणार आणि मग डावं की उजवं ते ठरवणार. म्हणजे सहा दिवस. सहा दिवसांत दीडशे प्रौढ माणसांनी फक्त एवढं कबूल करायचं होतं की आपण जिथे राहतो तिथे राहतो.

तुम्हाला वाटेल, टाळ्या पडल्या असतील. अहो, एखाद्याचं मूत्रपिंड मागितलं असतं तर लोक इतके दचकले नसते. चेअरमन म्हणाले, “बाप्पा, गावचं नाव काढलं तर उद्या सरपंच मले वळखन का? शेताचा बांध-धुरा कोन पाहीन?” दुसऱ्या मजल्यावरचे एक जण नगरकडचे, त्यांच्या चुलतभावाला दर निवडणुकीत त्यांच्या घरची चार मतं लागायची. ती नाही दिली तर दिवाळीला जायची सोय राहणार नव्हती. आयटीतल्या एका पोराने विचारलं, “काका, लॉजिकली आपण टॅक्स इथे भरतो ना? मग व्होटचा काय रिलेशन?” त्याचं स्वतःचं नाव कुठे आहे म्हणून विचारलं तर म्हणाला, “मम्मीला माहितीये.” शनिवार पेठेतून आलेले एक निवृत्त मास्तर होते. ते फक्त एवढंच म्हणाले, “धायरी हे मला मान्य नाही,” आणि खुर्ची घडी करून निघून गेले. खुर्ची सोसायटीची होती.

आणि मी? सभेत सगळ्यांत मोठ्याने मीच म्हणालो की नावं बदलली पाहिजेत. सगळ्यांनी. मी सोडून सगळ्यांनी, हे शेवटचं मनातल्या मनात. माझा हिशेब असा की शंभर लोकांनी बदलली तर माझ्या एकट्यावाचून काही अडत नाही. अडचण एवढीच की पार्किंगमध्ये बसलेला प्रत्येक जण तोच हिशेब करत होता. सगळ्यांचे डोळे कसे शेजाऱ्याकडे लागले होते! धायरीकर व्हायला प्रत्येक जण शेजाऱ्याला ढकलत होता.

शुक्रवारपर्यंत चेअरमनच्या वहीत सहा नावं झाली. उजव्या गल्लीत आधीपासूनच ऐंशी मतं होती.

शनिवारी सकाळी मी दळणाचा डबा घेऊन कसब्यात गेलो. खरं तर डब्यात दीड किलोच गहू होता, दळण हे निमित्त. मला कुणीतरी सांगायला हवं होतं की तू इथला आहेस, नाव काढू नकोस. आधी केशकर्तनालयात शिरलो. माझे केस चाळीस वर्षं कापणारा माणूस, त्याने कात्री चालवत विचारलं, “काय धायरीकर, पाणी आलं का तुमच्याकडे?”

धायरीकर! मी खुर्चीत उसळलो, कानाजवळचा एक झुपका नको तितका गेला. “धायरीकर कोण?”

“सगळे तसंच म्हणतात आता तुम्हाला,” तो शांतपणे म्हणाला. “‘धायरीचे आले’ म्हणतात. त्यात वाईट काय? कोथरूडचे येतात, बाणेरचे येतात. मतदानाला तर शाळेपाशी गाड्या लावायला जागा नसते. इथे राहणाऱ्यांना रांग.”

मी तसाच, अर्धवट कापलेल्या बाजूवर रुमाल धरून भावाकडे गेलो. माझा थोरला भाऊ कमी बोलतो. आमच्या घरात बोलणं मोजकंच होतं आणि ते सगळं माझ्या वाट्याला आलं. मी त्याला सगळं सांगितलं, वाढवून सांगितलं. दादांच्या कार्यालयात मी टेबलावर मूठ आपटली असंही सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मग उठून कपाटातून याद्यावाल्यांनी तपासणीसाठी दिलेला एक कागद काढला.

“याद्यावाले दर वेळी येतात,” तो म्हणाला. “विचारतात, तुमचे भाऊ इथेच राहतात का? मी म्हणतो, हो. गेल्या वेळी त्या बाई आत आल्या, म्हणाल्या, कुठे झोपतात? मी तुझ्या वहिनीची शिवणाची खोली दाखवली. आता त्या पुन्हा येणारेत. मी सत्तरीचा झालो रे. मला आता खोटं बोलताना धाप लागते.”

“मग काय करू म्हणतोस?”

“मी काही म्हणत नाही. फक्त यापुढे मी खरं सांगणार.”

परत येताना मी गिरणीत गेलोच नाही. दीड किलो गहू तसाच पुढ्यात घेऊन आलो. खरं सांगतो, राजाराम पुलापाशी सिग्नलला उभा असताना मला जी चीड आली होती तिला पत्ता नव्हता. दादांवर चिडावं तर त्यांनी खोटं काहीच सांगितलं नव्हतं. भावावर चिडावं तर त्याने तेरा वर्षं माझी खोली राखली होती, नसलेली. कसब्यावर चिडावं म्हटलं तर कसबा जागच्या जागी होता. मीच बारा किलोमीटरवर राहून तो चालवायला बघत होतो. आणि धायरीवर चिडायला मी धायरीत कधी होतो? तिथल्या भाजीवाल्याला मी नावाने ओळखत नाही, इमारतीमागच्या टेकडीला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही. मागचा माणूस हॉर्न वाजवत होता. मी वळून असा ओरडलो की सिग्नल हिरवा झाला. तो आधीच झालेला होता असं बायको म्हणते, पण ती तिथे नव्हती.

रविवारी पार्किंगमध्ये टेबल लागलं. याद्यांचं काम बघणाऱ्या त्या शाळेतल्या बाई आल्या, डोक्याला स्कार्फ, शेजारी पाण्याची बाटली, घरून आणलेली. मी सकाळी आठलाच पहिल्या खुर्चीवर जाऊन बसलो. मला बघून नगरकडचे थबकले. मला रांगेत बघून चेअरमन वर गेले आणि पँट घालून खाली आले. आयटीतला पोरगा मम्मीला फोन लावत आला. मास्तर फक्त गॅलरीतून बघत होते. मला वाटलं, चला, सुरुवात तर आपण केली. तेवढं क्षणभर बरं वाटलं.

“पुरावा?” बाई म्हणाल्या.

मी पिशवी उघडली. आधार काढलं, पत्ता कसब्याचा. बँकेचं पासबुक, कसबा. गॅसचं पुस्तक, कसबा, आणि तो गॅस आता भाऊ वापरतो. ड्रायव्हिंग लायसन्स, पेन्शनचं पत्र, ज्येष्ठ नागरिकाचं कार्ड, सगळं एकजात कसबा. बाईंनी एकेक कागद बघितला आणि पत्त्यांसारखा एकावर एक ठेवला.

“इथलं काही? लाइटचं बिल?”

“बिल बायकोच्या नावावर आहे.”

“फ्लॅटचे कागद?”

“तेही तिच्या. बाईमाणसाच्या नावावर घेतला की सवलत मिळते म्हणून.”

“मग तुमच्या नावावर इथे काय आहे?”

मी विचार केला. मागे रांगेतले सगळे विचार करायला लागले. “पार्किंगची जागा,” मी म्हणालो. “तिथे माझी स्कूटर असते. म्हणजे, असते तेव्हा असते.”

“अहो आजोबा, तुम्ही इथे राहता हे मला कागदावर दिसलं पाहिजे. नाहीतर घरातल्या कुणीतरी समक्ष सांगितलं पाहिजे, म्हणजे मी तशी नोंद करते. आज शेवटचा दिवस आहे.”

“तेरा वर्षं!” माझा आवाज चढला, खांबामागचं मांजर गाडीखाली गेलं. “तेरा वर्षं राहतोय मी इथे! या फरशीवर, या बिल्डिंगीत, या टँकरच्या वासात! या सगळ्यांना विचारा! मी इथला नाही तर कुठला? मी इथलाच, धायरीचा!”

हे शब्द माझ्या तोंडून गेले आणि गॅलरीतले मास्तर आत गेले. चेअरमननी माझी बाजू घ्यायला तोंड उघडलं, पण बाईंनी हात वर केला आणि म्हणाल्या, शेजारी नको, घरातलं माणूस पाहिजे.

बायको खाली आलीच होती, एक हात दुसऱ्या खांद्याला धरून, टँकर आला का बघायला. बाईंनी तिला ओळखलं, आठ वर्षांपूर्वीचा फॉर्म त्यांनीच भरून घेतला होता. पेन वहीवर टेकवून त्यांनी विचारलं, “ताई, हे तुमच्याकडेच राहतात का?”

बायकोने माझ्याकडे पाहिलं, माझ्या अर्धवट कापलेल्या केसांकडे पाहिलं.

“हो,” ती म्हणाली. “जेवायला आणि झोपायला.”